चार म्हणजे किती?

धान्य शेराने, कापड वाराने आणि तेल मापट्याने घेण्याच्या काळी गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामध्ये माप हा तिसरा साक्षीदार उभा असे. पायलीचा तळ आतून उंचावलेला आहे काय, तराजूची दांडी एका अंगाला कलते आहे काय, हे पाहायला डोळे पुरेसे होते. संशय आला तर शेजारच्या दुकानी तेच धान्य पुन्हा मोजून घेता येई. संगणकाच्या युगात हा साक्षीदार नाहीसा झाला. खोक्यावर छापलेला आकडा हेच माप ठरले, आणि तो छापणारा विक्रेताच मापाचा धनी झाला. अशा आकड्यावर गिऱ्हाइकाने विश्वास ठेवला, पुढे त्याला शंका आली, आणि मग त्याने काय केले, याचा एक बोधप्रद अध्याय अमेरिकेत २०१४ ते २०१६ या काळात घडला. तो यंत्राविषयी असला, तरी त्यातील मूळ प्रश्न शब्दाच्या खरेपणाचा आहे.

या अध्यायाला पूर्वपीठिका आहे. १९९०च्या दशकात संगणकाचे पडदे काचेच्या जाड नळीचे असत. सतरा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर प्रत्यक्ष दिसणारे चित्र सुमारे सोळा इंचांचेच असे, कारण नळीचा चौकटीखाली झाकलेला भागही मोजला जाई. अमेरिकेत याविरुद्ध दावे झाले आणि दृश्य भागाचे माप वेगळे छापण्याची पद्धत रूढ झाली. पुढचा वाद हार्ड डिस्कचा होता. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरत, तर विंडोज प्रणाली तोच शब्द १,०७,३७,४१,८२४ बाइटांसाठी वापरी. त्यामुळे ८० गिगाबाइटची डिस्क घरी आणून जोडली की पडद्यावर ७४.५ एवढाच आकडा उमटे. येथे कोणी डिस्कचा तुकडा कापून ठेवला नव्हता. एकाच शब्दाचे दोन अर्थ बाजारात फिरत होते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८मध्ये दुसऱ्या अर्थासाठी ‘गिबिबाइट’ हा निराळा शब्द सुचवला, पण तो बाजारात रुळला नाही. शेवटी सीगेट कंपनीला २००७मध्ये तडजोडीत ग्राहकांना किमतीच्या पाच टक्के परतावा देऊ करावा लागला.

ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा प्रश्न याच मालिकेतला, पण अधिक गुंतागुंतीचा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील चित्रे रचणारा संगणकातील स्वतंत्र भाग. त्याला जवळच हाताशी साठवण लागते. तीच त्याची मेमरी. २००४च्या अखेरीस एनव्हीडिया कंपनीने ‘टर्बोकॅश’ नावाची स्वस्त कार्डे आणली. त्यांच्यावर प्रत्यक्ष मेमरी १६, ३२ किंवा ६४ मेगाबाइट असे, आणि उरलेली संगणकाच्या मुख्य मेमरीतून उसनी घेतली जाई. जाहिरातीत मात्र १२८ मेगाबाइटचा आकडा पुढे केला जाई. स्वतःची शेती आणि खंडाने घेतलेली शेती एकाच सातबाऱ्यावर दाखवावी, तसा हा प्रकार होता.

आता मुख्य हकीकत. सप्टेंबर २०१४मध्ये एनव्हीडियाने जीफोर्स जीटीएक्स ९८० आणि जीटीएक्स ९७० ही दोन कार्डे एकाच वेळी बाजारात आणली. पहिल्याची किंमत ५४९ डॉलर, दुसऱ्याची ३२९ डॉलर. दोन्हींत मूळ चिप एकच होती. ज्या चिपमधील काही भाग सदोष निघत, ते भाग बंद करून ती धाकट्या कार्डात वापरणे ही या धंद्यातील जुनी आणि रास्त रीत आहे. धाकट्या कार्डातील गणन-घटक २०४८ऐवजी १६६४ आहेत, हे कंपनीने उघड सांगितलेही होते. मेमरी मात्र दोन्हींत सारखीच, चार गिगाबाइट, आणि तिचा वेगही सारखाच, सेकंदाला २२४ गिगाबाइट, असे जाहीर झाले. किमतीत एवढा फरक आणि मेमरी तेवढीच, म्हणून धाकट्या कार्डावर गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या.

जानेवारी २०१५च्या सुमारास काही चिकित्सक वापरकर्त्यांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. कितीही जड खेळ चालवला तरी धाकटे कार्ड साडेतीन गिगाबाइटच्या आसपास थबकते. थोरले मात्र चारपर्यंत सहज जाते. एका वापरकर्त्याने मेमरीच्या प्रत्येक भागाचा वेग मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला. इतरांनी तो आपापल्या यंत्रांवर चालवला, तेव्हा शेवटच्या भागात वेग एकाएकी कोसळत असल्याचे आढळले. एका माणसाची तक्रार सहज बाजूला सारता येते. शेकडो यंत्रांवर तोच उतार दिसू लागला, तेव्हा कंपनीला बोलणे भाग पडले.

जानेवारीच्या अखेरीस जो खुलासा झाला, तो आपल्या ओळखीच्या भाषेत सांगता येईल. जुन्या वाड्यांत धान्य साठवायला भिंतीतली बळदे असत. अशी आठ बळदे आहेत आणि प्रत्येकाला आपले दार आहे अशी कल्पना करा. हे थोरले कार्ड. धाकट्या कार्डात बळदे आठच, पण एक दार बुजवलेले. आठव्या बळदातले धान्य काढायचे तर सातव्याच्या दारातूनच काढावे लागते, आणि ते काढले जात असताना सातव्याचा व्यवहार थांबतो. म्हणून कंपनीने पहिल्या सात बळदांचा एक गट केला, साडेतीन गिगाबाइटचा, आणि आठवे बळद अडीअडचणीपुरते राखले, अर्ध्या गिगाबाइटचे. पहिल्या गटाचा वेग सेकंदाला १९६ गिगाबाइट, दुसऱ्याचा अवघा २८. दोन्हींची बेरीज २२४ भरते खरी, परंतु दोन्ही गट एकाच वेळी पूर्ण वेगाने वाचता येत नसल्यामुळे ती बेरीज बव्हंशी कागदावरच राहते.

याच खुलाशात आणखी दोन गोष्टी कबूल झाल्या. आरओपी नावाचे, चित्राच्या ठिपक्यांवर शेवटचा हात फिरवणारे घटक ६४ सांगितले होते, ते ५६ निघाले. एलटू कॅश ही चिपमधली छोटी साठवण २०४८ किलोबाइट सांगितली होती, ती १७९२ निघाली. अभियंते आणि तांत्रिक प्रसिद्धी विभाग यांच्यातील विसंवादामुळे परीक्षकांना दिलेल्या पुस्तिकेत चुकीचे आकडे गेले, असे कंपनीचे म्हणणे होते.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. निखालस चुकीचे आकडे आरओपीचे आणि कॅशचे होते. मेमरी चार गिगाबाइट आहे हे विधान शब्दशः खरेच होते; कार्डावर तेवढ्या चकत्या बसवलेल्या होत्या. तरीही लोकांचा संताप उसळला तो मेमरीवरून. आरओपी म्हणजे काय हे सामान्य ग्राहकाला माहीत नव्हते. ‘चार जीबी’ हा शब्द मात्र त्याने वाचला होता, पारखला होता आणि त्यावर पैसे मोजले होते. ज्या शब्दावर व्यवहार झाला, त्याच शब्दाचा जाब विचारला जातो. ‘चार’ या शब्दात एकसारखे, एकाच उपयोगाचे चार भाग ग्राहकाने गृहीत धरले होते, आणि विक्रेत्याला हे गृहीत माहीत नव्हते असे म्हणता येत नाही.

ग्राहकांच्या प्रतिक्रिया मात्र एकमुखी नव्हत्या. काहींनी परताव्याची मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. काहींनी कार्डे परत केली, आणि युरोपातील काही विक्रेत्यांनी ती स्वीकारली. ‘साडेतीन’ हा आकडा थट्टेचा विषय झाला. प्रतिस्पर्धी एएमडीच्या गोटातून ‘आमचे चार म्हणजे चारच’ अशा अर्थाचा टोला हाणला गेला. दुसरा पक्ष म्हणे, कालपर्यंत जे कार्ड उत्तम चालत होते ते आज वाईट कसे झाले? परीक्षणांतील वेगाचे आकडे तर खोटे नव्हते. कंपनीनेही हाच युक्तिवाद केला. साडेतीनच्या पलीकडे मेमरी वापरली असता दोन्ही कार्डांचा वेग उतरतो, आणि धाकट्याचा उतार थोरल्यापेक्षा फक्त एक ते तीन टक्क्यांनी अधिक असतो, असे तिने आपल्या चाचण्यांच्या आधारे दाखवले.

हा युक्तिवाद पोकळ नव्हता, पण अपुरा होता. खेळाचा वेग सरासरीने मोजला की मधूनच बसणारे हिसके सरासरीत बुडून जातात, आणि मेमरीच्या मंद भागाला हात लागला तर भीती होती ती या हिसक्यांची. शिवाय असे कार्ड माणूस केवळ आजसाठी घेत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत खेळ जड होतील, तेव्हा उपयोगी पडेल म्हणून तो जास्तीची मेमरी पदरात पाडून घेतो. आजच्या चाचणीत उणेपण दिसत नाही, हे उत्तर उद्याची तरतूद करणाऱ्याचे समाधान करू शकत नाही.

फेब्रुवारी २०१५मध्ये कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ग्राहकांना उद्देशून खुले पत्र लिहिले. या रचनेमुळेच धाकट्या कार्डाला तीनऐवजी चार गिगाबाइट मेमरी देता आली, म्हणून हे एक वैशिष्ट्यच आहे. ते आरंभीच स्पष्ट करायला हवे होते, आणि असे पुन्हा होऊ देणार नाही, असा पत्राचा आशय होता. अभियंत्याच्या दृष्टीने पहिले म्हणणे खरे असेल. परंतु जे वैशिष्ट्य विकताना सांगितले नाही आणि पकडले गेल्यावर सांगितले, त्याचे कौतुक ऐकण्याच्या मनःस्थितीत ग्राहक नव्हते. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्यातील संघराज्य न्यायालयात पहिला सामूहिक दावा दाखल झाला. पुढे अनेक दावे एकत्र करण्यात आले.

२०१६मध्ये तडजोड झाली. अमेरिकेतील प्रत्येक खरेदीदाराला कार्डामागे ३० डॉलर मिळायचे ठरले आणि वकिलांच्या शुल्कासाठी १३ लाख डॉलरपर्यंतची तरतूद झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही. ३२९ डॉलरांच्या मानाने ३० डॉलर म्हणजे नऊ टक्के. मंद निघालेली मेमरी मात्र एकूण मेमरीचा आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के होती. ग्राहकांच्या कृतीतही विसंगती होती. एवढा गदारोळ होऊनही हे कार्ड खपत राहिले, आणि स्टीम या खेळविक्री सेवेच्या पाहणीत काही काळ सर्वाधिक वापराचे कार्ड ठरले. याचा अर्थ लोकांचा राग खोटा होता असा नव्हे. माल पसंत होता. त्याविषयी दिलेला शब्द पसंत नव्हता. या दोन गोष्टी एका माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात.

मग या खटाटोपातून काय साधले? याचे उत्तर नंतरच्या दोन घटनांत शोधावे लागते. जीटी १०३० हे स्वस्त कार्ड २०१७मध्ये आले. २०१८मध्ये त्याच नावाने दुसरी आवृत्ती विकली जाऊ लागली. मेमरी दोन गिगाबाइटच, पण मंद जातीची. तिचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइटवरून १६.८वर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशावर आला होता. परीक्षकांनी टीका केली, परंतु २०१५सारखा क्षोभ उसळला नाही. याउलट सप्टेंबर २०२२मध्ये आरटीएक्स ४०८० हे एकच नाव १२ आणि १६ गिगाबाइटच्या दोन कार्डांना देण्यात आले. त्यांच्यातील फरक केवळ मेमरीचा नव्हता. गणन-घटकही ७६८० आणि ९७२८ असे वेगळे होते. तेव्हा एवढी टीका झाली की महिनाभराच्या आत, १४ ऑक्टोबरला, कंपनीने १२ गिगाबाइटचे ८९९ डॉलरांचे कार्ड विक्रीला येण्यापूर्वीच मागे घेतले. जानेवारी २०२३मध्ये ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने ७९९ डॉलरांना बाजारात आले.

या दोन घटनांतील अंतर डोळ्यांत भरते. महागड्या कार्डाचा ग्राहक जाणकार असतो. तो आकडे ताडून पाहतो आणि त्याचा आवाज पोहोचतो. स्वस्त कार्ड घेणारा विद्यार्थी, किंवा जुना संगणक कसाबसा चालू ठेवणारा छोटा कार्यालयवाला नाव वाचतो, आकडा वाचतो आणि पैसे देतो. त्याच्या वतीने मोजून पाहणारा कोणी नसतो. जाणत्यांच्या जागरूकतेने बाजार सुधारतो हे खरे, पण तो प्रथम जाणत्यांपुरताच सुधारतो.

म्हणून कायद्याची गरज उरतेच. अमेरिकेतील तडजोड तेथील खरेदीदारांपुरती होती. भारतात तेच कार्ड घेणाऱ्याला तिचा लाभ नव्हता. आपल्याकडे १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा वा परिमाण खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली होती. २०२०च्या जुलैत अमलात आलेल्या २०१९च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकून, महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरवली. आठव्या बळदाचे दार बुजवलेले आहे हे न सांगण्याचा प्रश्न नेमका याच कक्षेत येतो. अर्थात हेतू सिद्ध करणे सोपे नाही, आणि ‘विभागांतील विसंवाद’ हे उत्तर कोणत्याही कंपनीला देता येते.

आकडा खरा असून कथन खोटे असू शकते, हे आपल्या जुन्या व्यवहारातही माहीत होते. म्हणूनच माप भरताना ते शिगोशीग आहे की सपाट, हे आधी बोलून घेतले जाई. तो बोलून घेण्याचा भाग ज्या व्यवहारातून गळतो, तेथे नंतर न्यायालयाला बोलावे लागते, आणि तोवर कार्ड जुने झालेले असते.