पहिला घाव पडण्यापूर्वी

परवा माझ्या धाकट्या भाच्याने मला मोबाइलवरचा एक खेळ दाखवला. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर एक चित्र येते. दोन योद्धे समोरासमोर उभे. अंगात चिलखत, हातात अगडबंब तलवारी, मागे पेटलेले आकाश. अजून घाव पडलेला नाही. भाच्याने विचारले, ‘मामू, यातला तुमचा कोण?’ खेळायचे तर बाजू निवडावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र क्षणभर गप्प झालो.

कारण हा प्रश्न मला पूर्वीही विचारला गेला होता. शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकातल्या अशाच एका चित्रावर बोट ठेवून शेजारचा मुलगा म्हणाला होता, ‘यातला तुझा कोण रे?’ त्याच्या मनात काही नव्हते. मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी पान उलटले. श्रोतेहो, आज त्या पानाकडे मला परत जायचे आहे. वाट मात्र जरा लांबची, इराणवरून जाणारी आहे.

तूस गावच्या फिरदौसी नावाच्या कवीने इ. स. १०१० मध्ये ‘शाहनामा’ पुरा केला. सुमारे पन्नास हजार बेतांचे हे महाकाव्य. त्यात रुस्तुम आणि सोहराब यांची कथा आहे. रुस्तुम हा इराणचा महावीर. समनगानची राजकन्या तहमीना हिच्याशी लग्न करून तो परततो. निघताना तिला एक रत्न देतो आणि सांगतो, मुलगा झाला तर हे त्याच्या दंडावर बांध. मुलगा होतो. सोहराब. बापाचा शोध घेत तो तुराणच्या सैन्यासह इराणवर चालून येतो आणि रणात नेमका बापासमोरच उभा ठाकतो. ‘तूच रुस्तुम ना?’ असे तो विचारतोही. रुस्तुम नाव लपवतो. कुस्तीत एकदा सोहराब त्याला खाली पाडतो, तेव्हा ‘पहिल्या पाडावाला मारायचे नसते, अशी आमची रीत आहे’ असे सांगून म्हातारा सुटका करून घेतो. पुढच्या झुंजीत मात्र स्वतः खंजीर चालवतो. दंडावरचे रत्न दिसते ते त्यानंतर.

इराणी चित्रकारांनी शतकानुशतके ही झुंज रंगवली. त्यांच्या चित्रांत रुस्तुमच्या शिरस्त्राणावर बिबट्याचे मुंडके असते आणि अंगात वाघाच्या कातड्याचा अंगरखा. चित्र पाहणारा त्याला लगेच ओळखतो. फक्त समोर उभा असलेला मुलगा त्याला ओळखत नाही. या चित्रांचे सारे दुःख एवढ्यात आहे.

सोळाव्या शतकात शाह तहमास्पच्या चित्रशाळेत २५८ चित्रांचा एक अप्रतिम ‘शाहनामा’ तयार झाला. पुढे शाहाचे मन चित्रकलेवरून उडाले. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे तिथले दोन चित्रकार १५४९ मध्ये काबूलला हुमायूनच्या पदरी आले. अकबराच्या काळात त्यांच्याच देखरेखीखाली ‘हम्जानामा’ हा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. सुमारे पंधरा वर्षांत चौदाशे चित्रे. देव, अजगर, जादूगार आणि त्यांच्याशी झुंजणारा हम्जा. चित्रे कापडावर, दोन फुटांहून उंच. मजकूर मागच्या बाजूला. चित्र समोर धरायचे आणि कथा ऐकवायची.

ही रीत आपल्याला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी उघडून एकेक चित्र धरतात आणि कथा गातात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतले वीरही असेच, टपोऱ्या डोळ्यांनी एकमेकांकडे रोखून पाहणारे.

‘हम्जानाम्या’तली आज दोनशेसुद्धा चित्रे उरलेली नाहीत. त्यातली काही १८८१ मध्ये एका इंग्रज संग्राहकाला श्रीनगरमध्ये सापडली. ती खिडक्या झाकण्यासाठी लावलेली होती! अनेक चित्रांतले चेहरे कोणीतरी खरवडून टाकले होते. चेहरा पुसला की समोरच्याला ओळखण्याची जबाबदारीही संपते.

याच अकबराने १५८२ मध्ये महाभारताचे फारसी भाषांतर करवून घ्यायला सुरुवात केली. पंडित अर्थ सांगत, नकीबखान आणि त्याचे सहकारी तो फारसीत लिहीत. त्याचे नाव ‘रज्मनामा’, म्हणजे युद्धाचे पुस्तक. त्यात अश्वमेधाचा भाग जैमिनीच्या परंपरेतला घेतला आहे. तीच कथा आपल्याकडे श्रीधरकवीने ओवीत सांगितली. आणि त्या कथेतही बाप आणि मुलगा समोरासमोर उभे आहेत. अर्जुन आणि बभ्रुवाहन.

व्यासांच्या महाभारतात बभ्रुवाहन बापाला ओळखतो. भेटी घेऊन सामोरा जातो. अर्जुनच त्याला हिणवतो, हा काय क्षत्रियधर्म? मग मुलगा धनुष्य उचलतो आणि बाप कोसळतो. पण उलूपी संजीवन मणी आणते आणि अर्जुन उठून बसतो.

सोहराबच्या वाट्याला ते आले नाही. औषध तिथेही होते. बादशहा कैकाऊसच्या खजिन्यात जखम भरून काढणारे नोशदारू होते. रुस्तुमने ते मागितले. पण हे बापलेक एक झाले तर माझ्या सिंहासनाचे काय होईल, या भीतीने बादशहाने ते दिले नाही. मला वाटते, सोहराबला दोनदा मारले गेले. एकदा अजाणता आणि एकदा जाणूनबुजून. पहिल्याबद्दल आपण रडतो. दुसऱ्याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

ही कथा १९६३ मध्ये हिंदी पडद्यावर आली. रुस्तुम झाले पृथ्वीराज कपूर, सोहराब झाले प्रेमनाथ, आणि दिग्दर्शक होते आपले विश्राम बेडेकर. ‘रणांगण’चे लेखक. १९३९ च्या त्या कादंबरीत, युद्धाच्या तोंडावर निघालेल्या बोटीवर, एक मराठी तरुण आणि एक जर्मन ज्यू तरुणी भेटतात आणि दुरावतात. माणसाला माणूस सापडतो न सापडतो तोच युद्ध मध्ये येते, हे ज्याने लिहिले, त्याच्या हाती रुस्तुम-सोहराब यावा, याचे मला नवल वाटत नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. रुस्तुम-सोहराबचे चित्र पाहून ‘यातला आपला कोण?’ असे तहमीनेला विचारले असते, तर ती काय म्हणाली असती? आणि चित्रांगदा? दोघीही म्हणाल्या असत्या, दोघेही.

मी भाच्याला ही कथा सांगितली. त्याने लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाला, ‘मग मामू, त्याने आधी नाव का नाही सांगितले?’

श्रोतेहो, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी पान उलटले, तेव्हा मीही नावच लपवले होते. आज तो मुलगा भेटला, तर मी त्याच्या शेजारी बसेन, ते पान उघडेन आणि त्याला माझे नाव सांगेन. मग त्याचे विचारेन.