फेक : एका बदनाम डावाची गोष्ट

१९९४ साली मी नववीत होतो. म्हापशाला बाजाराच्या मागच्या बाजूस एका गाळ्यात व्हिडिओ गेमची चार मशिनं होती आणि त्यांतल्या एकावर ‘स्ट्रीट फायटर टू’. शिकवणीला जातो म्हणून घरी सांगून आम्ही तिथं जात असू. मशिनच्या वर मालकानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर स्केच पेनानं लिहून ठेवलं होतं, ‘थ्रो मारू नये’. हा नियम कुणी, कशासाठी केला हे आम्ही कधी विचारलं नाही. थ्रो म्हणजे समोरच्याला जवळ जाऊन धरायचं आणि आपटायचं. असं करणारा तो फटिंग, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

जवळच्या गॅरेजात कामाला असलेला आमच्याच वयाचा एक पोरगा संध्याकाळी येत असे. हात ग्रीसने काळे. तो नेहमी झांगीफ घ्यायचा, म्हणजे तो लाल चड्डीतला रशियन पैलवान. एके दिवशी त्यानं मला सलग तीन डावांत नुसता आपटून काढला. मी मालकाकडे तक्रार केली, बाकीच्यांनी री ओढली, आणि मालकानं त्याला मानगुटीला धरून पायरीखाली उतरवलं. तो परत कधी आला नाही.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. परवा बहिणीकडे गेलो असता भाच्यानं ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ (२०२३) लावला आणि दुसरं बटण माझ्या हातात दिलं. त्यानं मला दोनदा उचलून आपटल्यावर मी सवयीनं म्हटलं, “अरे, ही लबाडी आहे!” तो म्हणाला, “मामा, तू नुसता गार्ड धरून बसलास तर मी दुसरं काय करू?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मग या फेकीचा इतिहास जरा शोधत बसलो. त्यात जे सापडलं ते इथं मांडतो.

कॅपकॉम या जपानी कंपनीनं ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ साली आर्केडमध्ये आणला. आठ खेळाडू, सहा बटणं, एक जॉयस्टिक. बचाव करायचा तर जॉयस्टिक शत्रूच्या उलट दिशेला ओढून धरायची, की ठोसा-लाथ अंगावर झेलली जाते. साध्या ठोशानं गार्डमागच्या माणसाचं काहीच जात नाही, खास डावांनी चिमूटभर ताकद कमी होते. आता विचार करा, ज्याची ताकद थोडी जास्त उरली आहे त्यानं कोपऱ्यात जाऊन गार्ड धरला आणि घड्याळ संपेपर्यंत बसून राहिला, तर तो जिंकणार. असा खेळ कोण पाहील? गार्ड फोडणारं काहीतरी हवंच होतं, आणि ते म्हणजे फेक. फेकीला गार्ड लागू नाही. तुम्ही कितीही नीट बचाव करत असा, जवळ आलेला माणूस तुम्हाला धरू शकतो. ठोसा फेकीला हरवतो, फेक गार्डला हरवते आणि गार्ड ठोशाला थोपवतो. तीन बाजूंचं हे भांडण आहे आणि एक बाजू काढली की सगळंच कोसळतं. आमच्या मालकानं पुठ्ठ्यावर एक ओळ लिहून नेमकी तीच बाजू काढून टाकली होती.

आपल्या आखाड्यात धोबीपछाड मारणाऱ्याला कुणी फटिंग म्हणत नाही, उलट फेटा बांधतात. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तर जो नुसता टाळाटाळ करत राहतो त्यालाच पंच ताकीद देतो. मग या खेळातच फेक बदनाम का झाली?

मला वाटतं, दोष कल्पनेत नव्हता, तिच्या किमतीत होता. त्या पहिल्या खेळात फेकीला वेगळं बटण नव्हतं. जॉयस्टिक पुढे किंवा मागे धरून मधला किंवा जोराचा ठोसा दाबायचा (काहींना लाथेनंही जमे). शत्रू टप्प्यात असेल तर फेक लागणार, नसेल तर तोच साधा ठोसा निघणार. म्हणजे चुकलात तरी पदरात काहीतरी पडतंच! शिवाय फेक दाबताक्षणी लागते. ठोसा निघायला थोडा तरी वेळ लागतो, हिला तोही नाही. आणि एकदा पकडलं की सुटका नाही, पूर्ण मार खायचा. फुकट, तात्काळ आणि विनाअपील. सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला असा नियम पाहिला की पुढं काय होणार ते लगेच कळतं. लोक पळवाट शोधणार.

ती पळवाट लवकरच सापडली. हलका ठोसा मारायचा, तो समोरच्यानं गार्डवर घ्यायचा. ठोसा झेलताना अंग क्षणभर आखडतं आणि त्या काळात फेक लागत नाही. पण आखडणं संपताक्षणी लागते. तो क्षण हेरून धरायचं, आपटायचं, उठला की परत हलका ठोसा, परत फेक. इंग्रजीत याला ‘टिक थ्रो’ म्हणतात. जपानी आर्केडमध्ये अशा अडकवून मारण्याला ‘हामे’ म्हणत आणि तो शब्द फारसा चांगल्या अर्थानं वापरला जात नसे. म्हणजे म्हापशाचा आमचा पुठ्ठा काही एकटा नव्हता. तरी यातून सुटायची वाट होतीच. आखडणं संपण्याच्या अचूक क्षणी र्‍यूचा वर उसळणारा ठोसा काढला तर धरणारा स्वतःच उडे. पण पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे साठ चित्रं आणि वेळ साधायची ती त्यांतल्या एखाद्या चित्रावर. नववीतल्या पोरांना ते कुठलं जमायला!

अमेरिकेत डेव्हिड सर्लिन नावाच्या खेळाडूनं २००० च्या सुमारास या प्रश्नावर बरंच लिहिलं, पुढं त्याचं पुस्तकही झालं. ‘फेक म्हणजे लबाडी’ असं म्हणणारा खेळाडू मनातले नियम खेळतो, खेळाचे नव्हे, असा त्याचा एकूण रोख. वाचताना मला आपल्यावरच लिहिलंय असं वाटलं. पण पूर्ण पटलं मात्र नाही. लोकांना जे बोचत होतं ते अगदीच खोटं असतं तर खुद्द कॅपकॉमनं नियम बदलत नेलेच नसते.

१९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’मध्ये पहिली सवलत आली. पकडलं गेल्यावर झटकन तुम्हीही फेकीचंच बटण दाबलंत तर मार निम्मा बसतो आणि तुम्ही पाठीवर न पडता पायांवर उतरता. १९९९ च्या ‘थर्ड स्ट्राइक’मध्ये फेकीसाठी दोन बटणं एकदम दाबायची झाली. टप्पा चुकला तर ठोसा निघत नाही, खेळाडू हवेत हात मारून उघडा पडतो. आणि वेळेवर तीच दोन बटणं दाबली तर पकड पूर्ण सुटते. आता चुकण्याला दंड लागला.

इतर कंपन्यांनी वेगळी वाट काढली. सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये (१९९३) आणि नामकोच्या ‘टेकन’मध्ये (१९९४) साधी फेक चुकवायला खाली बसलं की पुरतं, हात डोक्यावरून जातात. पण बसलेल्याला मधल्या उंचीचा मार बसतो. ‘टेकन’ मालिकेत पुढं तर शत्रू कुठला हात पुढं करतोय ते पाहून डावं, उजवं की दोन्ही बटणं दाबायची ते ठरवावं लागे. निमिषार्धात हात ओळखायचा! टेकमोच्या ‘डेड ऑर अलाइव्ह’नं (१९९६) मारा, फेक आणि उलटपकड या त्रिकोणावरच सगळा खेळ उभा केला.

फेकीचं दुसरं घराणं उड्या मारायच्या खेळांतलं, आणि तिथं ती कधीच बदनाम झाली नाही. १९८७ साली जपानात निंटेंडोनं ‘युमे कोजो : डोकी डोकी पॅनिक’ काढला. १९८८ मध्ये त्यातली पात्रं बदलून तोच अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स टू’ झाला. इथं शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नाही, तुम्ही त्याच्यावर उभे राहता. मग त्याला उचलायचा आणि दुसऱ्यावर फेकायचा. जमिनीतून भाज्या उपटून फेकायच्या. शेवटच्या राक्षसाला भाजीचा तिटकारा, म्हणून भाज्या नेमक्या त्याच्या उघड्या तोंडात टाकायच्या. (आमच्या घरात असा एक राक्षस आहे, वय वर्षं अकरा.) पण पाहा, इथं फेकीची किंमत पहिल्यापासून ठरलेली. उपटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कुणी येऊन धडकू शकतो. बुटका टोड झटपट उपटतो, राजकन्येला सर्वांत जास्त वेळ लागतो. एका वेळी हातात एकच वस्तू मावते.

कॅपकॉमनंही १९९० साली, म्हणजे स्ट्रीट फायटर टूच्या आदल्याच वर्षी, ‘चिप अँड डेल’च्या खारींचा खेळ काढला होता. त्यात खोकी उचलून फेकायची, आणि आपल्या जोडीदारालाही उचलता येई. चुलतभावाच्या घरी तो होता. त्यानं मला किती वेळा उचलून दरीत टाकलं असेल! भांडणं झाली, पण त्याला फटिंग म्हणून कुणी घराबाहेर काढलं नाही.

ही दोन घराणी एकत्र आली १९९९ मध्ये, मासाहिरो साकुराई यांच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये. तिथं ताकदीची पट्टी नाही. मार बसेल तसा टक्का चढतो आणि टक्का चढेल तसे तुम्ही लांब उडता. फेक इथंही ढालीमागच्या माणसाला धरते, पण आपटून संपवण्यापेक्षा त्याला फळीच्या बाहेर भिरकावणं हा तिचा हेतू. पहिल्या खेळात फेक पुढे आणि मागे एवढीच. २००१ च्या ‘मेली’मध्ये वर आणि खालीही फेकता येऊ लागलं. त्याच ‘मेली’त राजकन्या पीच जमिनीतून भाजी उपटून फेकते, ती थेट १९८८ मधली.

पण जुनं दुखणं तिथंही उपटलंच. एकदा फेकून, पडायच्या आत पुन्हा धरून, पुन्हा फेकून काही खेळाडू शत्रूला सोडतच नसत. ‘आइस क्लायंबर्स’ ही जोडगोळी तर एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं मारत राहायचं, असा बिनतोड डाव करी. कित्येक स्पर्धांनी त्यावर बंदी घातली. म्हणजे परत पुठ्ठा! २०१४ च्या आवृत्तीत साकुराईंनी खेळातच इलाज केला. फेकला गेलेला माणूस पुढचा क्षणभर पुन्हा धरताच येत नाही.

‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्येही कोपऱ्यात अडकवून फेकीमागून फेक मारण्यावरून खेळाडूंत वाद झालेच. भाचा म्हणतो, प्रत्येक फेक सोडवायची संधी असते, तर तक्रार कसली.

फक्त झांगीफची ती खास फेक वेगळी. जॉयस्टिकचा पूर्ण एक वेढा काढून ठोसा दाबायचा, आणि तो तुम्हाला घेऊन उंच जातो, गरगर फिरत खाली आणून आपटतो. ही पकड १९९१ मध्येही सोडवता येत नव्हती आणि आजही येत नाही. मात्र ती हवेतल्या माणसाला लागत नाही. त्याचा हात पडायच्या आत उडी मारायची, एवढंच.

त्या संध्याकाळी तीन डावांत मी एकदाही उडी मारली नव्हती.