टेबलावरचा देखावा : खानदेशातील एक छायाचित्रपरंपरा

घरातल्या टेबलावर लहानसहान वस्तू मांडून देखावा उभा करायचा आणि कॅमेरा जवळ नेऊन तो टिपायचा, या प्रकाराला टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात. मॅक्रो छायाचित्रणाशी त्याचे जवळचे नाते आहे. मॅक्रोमध्ये वस्तूची प्रतिमा फिल्मवर मूळ आकाराएवढी किंवा त्याहून मोठी उमटते. टेबलटॉपला एवढे वर्धन दरवेळी लागत नाही. तांत्रिक अडचणी मात्र दोन्हींत सारख्याच असतात.

वस्तू जवळ आली की स्पष्ट प्रतिमेसाठी लेन्स फिल्मपासून दूर सरकवावी लागते. जुन्या कॅमेऱ्यांचा घडीचा भाता याच कामी येई. लेन्स दूर गेली की प्रकाश कमी पडतो. मूळ आकाराच्या प्रतिमेला नेहमीच्या चौपट प्रकाश द्यावा लागतो. स्पष्ट दिसणारा पट्टाही अगदी अरुंद होतो. तो वाढवायला छिद्र लहान केले की प्रकाशनाचा वेळ आणखी लांबतो. उडणारा कीटक एवढा वेळ थांबत नाही, टेबलावरची वस्तू थांबते. म्हणून साध्या साधनांनिशी घरात प्रयोग करणाऱ्याला टेबलटॉप सोयीचे ठरले. ३५ मिमी एसएलआर कॅमेऱ्यासाठी खास मॅक्रो लेन्स आली ती १९५५ साली, हाइन्झ किलफिट यांच्या ‘माक्रो-किलार’च्या रूपाने.

हाताशी असेल त्यातून कला घडवण्याचे मोठे उदाहरण त्याआधीच पूर्व खानदेश जिल्ह्याने पाहिले होते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होते आणि पंडित नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून साकारली.

याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चाळीसगावात, केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलटॉपची साधना केली. मुंबईत जन्मलेल्या या पारशी कलावंताने इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेतले. परतल्यावर रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या घरात ते राहू लागले आणि पुढच्या जवळपास पाच दशकांत क्वचितच बाहेर पडले. घर हाच त्यांचा स्टुडिओ झाला. टेबलटॉप छायाचित्रांनी त्यांना देशाबाहेरही मानसन्मान मिळवून दिले.

अशा चित्राची भिस्त प्रमाणाच्या आभासावर असते. आकार ताडायला ओळखीची वस्तू चौकटीत नसेल, तर वाळलेली काडी झाड वाटते आणि मिठाचा थर बर्फ वाटतो. कॅमेरा वस्तूच्या पातळीवर आणला आणि प्रकाश बाजूने तिरपा सोडला की सावल्या लांबतात आणि टेबलाच्या हातभर जागेला मैदानाची खोली येते.

मूस यांनी चित्रे, शिल्पे आणि कागदाच्या घड्यांच्या कलाकृतीही केल्या. त्यांचे घर आता संग्रहालय म्हणून जतन केले आहे. ज्या वास्तूत ही छायाचित्रे घडली, तिथेच ती पाहायला मिळतात.