ट्रिमचा बिघाड आणि वैमानिकाचा निर्णय

विमानाच्या शेपटीचा आडवा पंख किंचित कलवून नाकाचा तोल राखण्याच्या सोयीला ट्रिम म्हणतात. 28 ऑक्टोबर 2018 रोजी बालीहून जकार्ताला निघालेल्या लायन एअरच्या बोइंग 737 मॅक्स विमानात सदोष सेन्सरमुळे ट्रिम आपोआप नाक खाली ढकलू लागली. वैमानिकांनी तिच्या मोटारीची वीज तोडली, हातचाकाने तोल साधला आणि विमान सुखरूप उतरवले. दुसऱ्या दिवशी त्याच विमानात तोच बिघाड झाला, पण वीज तोडली गेली नाही. 189 जण दगावले. 10 मार्च 2019 रोजी अशाच बिघाडात इथिओपियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वीज तोडली, पण वाढलेल्या वेगात हातचाकाने ट्रिम साधता आली नाही. 157 बळी गेले. वैमानिकाचा निर्णय अचूक असला, तरी सदोष यंत्ररचनेची भरपाई तो दर वेळी करू शकत नाही.