काडाची भिंत आणि लिंपणारे हात

आज आपण घराच्या भिंतीविषयी बोलू. गवताकाडाची भिंत म्हटलं की गरिबाची झोपडी डोळ्यांपुढे येते. पण काड आपल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात होतं. पाटण-जावळीकडे कारवीचे कूड उभे करून त्यावर शेणमातीचा लेप देत. माण, आटपाडी, जतकडे धाब्याची घरं होती. मातीत भुसकट घालून ती भिजवायची, पायांनी तुडवायची आणि काही दिवस मुरू द्यायची. काडामुळे माती धरून राहते आणि वाळताना फारशी तडकत नाही. हे आपल्या आज्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

नुसत्या काडाची भिंत मात्र उभी राहिली दूर अमेरिकेत, नेब्रास्का नावाच्या प्रांतात. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर झाडं नव्हती आणि मातीही भिंतीला धरत नव्हती. पण गवत भरपूर होतं, आणि ते दाबून चौकोनी गठ्ठे बांधणारं, घोड्यांनी चालणारं यंत्रही आलं होतं. लोकांनी ते गठ्ठे विटांसारखे रचले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं अशी एक शाळा बांधली. तिला गिलावा केला नव्हता, म्हणून पुढे गुरांनी ती खाऊन टाकली, असं सांगतात! गिलावा केलेली घरं मात्र टिकली. आर्थर गावात 1928 साली बांधलेलं काडाच्या गठ्ठ्यांचं प्रार्थनाघर अजून उभं आहे.

मग आपल्याकडे असं का झालं नाही? त्याच सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र तयार केलं. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानच्या जागेत, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. तिकडचं यंत्र गवत बांधत होतं, इकडचं गुरांसाठी बारीक करत होतं. दुष्काळी मुलखात कडबा म्हणजे बैलाचा जीव. तो भिंतीत कोण घालणार?

मातीची घरं सुटण्याचं एक मोठं कारण म्हणजे भूकंप. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेला धरणी हादरली. दीडशेहून अधिक माणसं गेली. 30 सप्टेंबर 1993 ला लातूरकडे किल्लारीत त्याहून कितीतरी मोठा संहार झाला. जाड दगडी भिंती आणि वर धाब्याच्या मातीचं ओझं, त्याखाली माणसं झोपेतच गाडली गेली. त्यानंतर सिमेंटची ओढ वाढली, यात नवल नाही.

दुसरं कारण फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. ते बायकांना माहीत आहे. दर सणाला सारवण, पावसाळ्याआधी लिंपण, पावसात पोपडा निघाला की पुन्हा माती कालवा. शेतातलं, चुलीपुढचं सगळं उरकून हे काम बाईच्याच वाट्याला यायचं, आणि त्याला मजुरी नव्हती. फरशी आली, प्लॅस्टर आलं, तेव्हा कंबर मोकळी झाली. म्हणून “जुनं ते सोनं” म्हणण्याआधी त्या कंबरेची आठवण ठेवू या.

आज हा विषय काढायचं कारण ऊस आहे. कराड, वाळवा, मिरज भागात तोड झाली की एकरी तीन-चार टन पाचट उरतं. हिरवं वाढं जनावर खातं, वाळलेलं पाचट खात नाही. बऱ्याच ठिकाणी ते पेटवून देतात. खरं तर पाचटावर पहिला हक्क जमिनीचा आहे. सरीत कुजवलं तर खत होतं आणि ओल टिकते. पण जे पेटवलंच जातं, त्याचे यंत्राने गठ्ठे बांधता येतात.

अशी भिंत हलकी असते आणि उन्हाळ्यात घर थंड ठेवते. 2009 साली अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठात, पाकिस्तानातल्या भूकंपप्रवण भागासाठी आखलेलं काडाच्या गठ्ठ्यांचं छोटं घर हलत्या फलाटावर ठेवून जोरात हादरवलं. ते कोसळलं नाही. मात्र ते गव्हा-भातासारख्या काडाचं काम आहे. पाचटाच्या गठ्ठ्यांवर एकदम राहतं घर बांधू नका. आधी एखादी खोली, गोठ्याची आडभिंत किंवा तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून एक थर करून पाहा, तोही अभियंत्याला विचारून.

काडाचा वैरी पाणी. जोतं दगडाचं आणि उंच हवं, छपराची वळचण चांगली पुढे हवी, गठ्ठे खडखडीत वाळलेले हवेत. बाहेरून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करा. सिमेंटमुळे आत शिरलेली ओल कोंडते आणि काड कुजतं. फट राहिली तर उंदीर शिरतो, ठिणगीही शिरते. आणि 2019 चा महापूर ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आला, त्या कृष्णाकाठच्या घरांनी या वाटेला जाऊच नये.

घरात अशी भिंत घालायचं ठरलं, तर पैशाच्या हिशोबाबरोबर आणखी एक हिशोब मांडा. दरवर्षी गिलाव्याची डागडुजी कोण करणार? घरातल्या पुरुषांचे हात लागणार का? बाहेरची बाई बोलावली तर तिला गवंड्याएवढी मजुरी मिळणार का? हे बैठकीत, सगळ्यांसमोर ठरवून घ्या आणि मगच पहिला गठ्ठा ठेवा.