मैलापाणी प्रकल्पाची परवानगी आणि नागरिकांची हरकत

मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पाला परवानगी देण्यापूर्वी आजूबाजूच्या रहिवाशांची जनसुनावणी होते, अशी पुष्कळांची समजूत असते. धरण, खाण किंवा मोठा रासायनिक कारखाना यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी बरोबर आहे. शहराच्या मैलापाण्याच्या बाबतीत नाही. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीची पद्धत तपशिलाने दिली आहे. वृत्तपत्रांतून तीस दिवसांची पूर्वसूचना, जिल्हाधिकाऱ्यांचे किंवा त्यांच्या प्रतिनिधीचे अध्यक्षपद आणि कामकाजाचे चित्रीकरण अशी ती पद्धत आहे. परंतु ती लागू होते अधिसूचनेच्या यादीतील प्रकल्पांना. कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे सामुदायिक केंद्र या यादीत आहे. केवळ घरगुती मैलापाण्यासाठी महापालिका उभारते तो प्रकल्प नाही.

पुणेकरांच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण योजनेसाठी जपानच्या ‘जायका’ या संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये कर्जाचा करार झाला. त्या वेळी योजनेचा खर्च ९९० कोटी २६ लाख रुपये धरला होता. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले, तेव्हा तो १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. शहरात अकरा ठिकाणी, सुमारे ४०० दशलक्ष लिटर दैनंदिन क्षमतेचे प्रकल्प उभारण्याची ही योजना. भूमिपूजनानंतर आठवड्याभरातच महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. म्हणजे ज्या काळात बांधकामे व्हायची, त्या काळात मुख्य सभेत प्रश्न विचारणारा नगरसेवकही नव्हता.

मग नागरिकाने आपले म्हणणे मांडायचे कोठे? कायद्यात वाटा आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत आणि प्रत्येकीची मुदत वेगळी आहे.

सर्वांत रुंद वाट आहे जागेच्या आरक्षणाची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. मंजूर आराखड्यातील एखादे आरक्षण बदलायचे असेल, तर कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याचा अवधी द्यावा लागतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. प्रकल्पाची जागा ठरते ती येथे. ‘आमच्या सोसायटीलगत नको’ असे म्हणायचे असेल, तर त्याची वेळ हीच. पत्रे ठोकून खोदाई सुरू झाल्यावर नव्हे. अडचण एवढीच, की या सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापल्या जातात आणि घरोघरी ती पाने न उलगडताच रद्दीत जातात.

दुसरी वाट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २५ खाली प्रकल्प उभारण्यासाठी आणि नंतर तो चालविण्यासाठी मंडळाची संमती घ्यावी लागते. ही संमती देण्यापूर्वी जनतेच्या हरकती मागविण्याचे बंधन मंडळावर नाही. उलट, चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असे कायदा मानतो. मात्र याच कलमात फारशी कोणी न वापरलेली एक तरतूद आहे. संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि त्या विसर्गाशी संबंध असलेल्या किंवा त्याची झळ पोहोचणाऱ्या कोणाही व्यक्तीला ती पाहू द्यावी, असे त्यात म्हटले आहे. लेखी अर्ज करून या अटींची प्रत मागावी. न मिळाल्यास माहितीचा अधिकार आहेच.

नदीकाठच्या प्रकल्पासाठी झाडे तोडायची असतील, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृत्तपत्रात आणि खुद्द झाडावर सूचना लावावी लागते. तिच्यावरही हरकत घेता येते. ‘जायका’च्या कर्जाच्या बाबतीत तर आणखी एक सोय आहे. प्रकल्पाची थेट झळ पोहोचलेले दोन किंवा अधिक रहिवासी, पर्यावरणविषयक मार्गदर्शक तत्त्वे पाळली गेली नाहीत अशी हरकत त्या संस्थेकडेच नोंदवू शकतात. जपानला पत्र धाडण्याची कल्पना विनोदी वाटेल, पण ही पद्धत कागदावर रीतसर आहे.

शेवटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. त्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. पर्यावरणाच्या वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो; सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळतात. नदीपात्रातील विठ्ठलवाडीजवळच्या रस्त्याचा वाद पुणेकरांनी याच न्यायाधिकरणापुढे नेला होता आणि २०१३ मध्ये निळ्या पूररेषेच्या आतील बांधकामाविरुद्ध आदेश मिळविला होता.

हरकतीत काय लिहावे, यालाही महत्त्व आहे. दुर्गंधीची नुसती भीती व्यक्त करणारा अर्ज सहज निकालात निघतो. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत: वीज गेल्यावर न शुद्ध केलेले पाणी कोठे सोडणार? गाळ किती दिवस आवारात राहणार? जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे काय? बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, किती राहणार? ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत पुण्यासह महानगरांसाठी ती लिटरमागे २० मिलिग्रॅम ठरविली होती. एप्रिल २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने १० ची कडक मर्यादा सांगितली. संमतीपत्रात यांपैकी कोणता आकडा आहे, हे पाहणे हा हरकतीचा गाभा ठरू शकतो.

या आकड्याशी सर्वाधिक संबंध पुण्याबाहेरच्यांचा आहे. शुद्ध केलेले पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्यात जाते. नदीतले पाणी भीमेला मिळून उजनीत साठते. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला पुण्याच्या आरक्षणाची सूचना दिसत नाही आणि झाडावरचा कागदही नाही. मंडळाची नोंदवही मात्र विसर्गाची झळ पोहोचणाऱ्या कोणाही व्यक्तीसाठी आहे. तीत पुणेकर असण्याची अट नाही.