'इंडस क्रीड' : स्वतःच्या गाण्याचा हट्ट

रॉक संगीत म्हटले की आमच्या पिढीतील पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. वाढलेले केस, कर्कश गिटार आणि परदेशी गाण्यांची नक्कल, एवढीच त्याची ओळख आपण धरून बसलो आहोत. ती किती अपुरी आहे, हे मुंबईच्या एका बँडची वाटचाल पाहिली की कळते.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर यांची गिटार आणि उदय बेनेगल यांचा आवाज ही पुढे त्याची खूण झाली. त्या काळी कॉलेजांच्या महोत्सवांत टाळ्या मिळत त्या इंग्लंड-अमेरिकेतील गाजलेली गाणी हुबेहूब वाजवणाऱ्याला. स्वतःचे गाणे सुरू केले की ओळखीच्या गाण्याची फर्माईश येई. या मंडळींनी मात्र स्वतःची इंग्रजी गाणी रचली आणि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही ध्वनिफीत काढली. पाठीशी ना सिनेमा होता, ना नट-नटी.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९३ मध्ये 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बँडने नाव बदलून 'इंडस क्रीड' केले. यंत्राच्या जागी सिंधू नदी आली.

पण ज्या वाहिन्यांनी त्यांना घरोघरी नेले, त्याच लवकर हिंदीकडे वळल्या. पॉपची लाट आली, सिनेमाची गाणी परतली आणि इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडची जागा आक्रसली. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा नवा प्रयोग केला.

भारतीय असून इंग्रजीत का गाता, हा प्रश्न अशा कलावंतांना चुकत नाही. तो मला ओळखीचा वाटतो. मी गिरडचा, मुसलमान, मराठीत कविता लिहितो. उर्दूत का नाही, असे मला आजही विचारतात. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला, एवढे उत्तर मला पुरते. आमच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघेही येतात. कव्वालीला साथ करणारी पेटी मूळची युरोपातली. कीर्तनात आणि नाट्यसंगीतातही ती रुळली. आज तिला परकी कोण म्हणेल? वाद्य आणि भाषा कुठून आली, यापेक्षा तिच्यातून कोण मनापासून बोलतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

अर्थात, या बँडचे गाणे शहरांच्या वेशीबाहेर फारसे आले नाही, हेही खरे. इंग्रजीने त्यांना जग दिले आणि गिरडसारखी गावे दुरावली. निवडलेल्या भाषेची किंमत प्रत्येकाला मोजावी लागते.

त्यांनी ती मोजली आणि तरी गाणे सोडले नाही. २०१० मध्ये बँड पुन्हा जमला, २०१२ मध्ये 'इव्हॉल्व' हा नवा संग्रह आला. फर्माइशीपुढे न झुकणाऱ्या कलावंताला उशिरा का होईना, ऐकणारा कान मिळायला हवा. तो कान होणे आपल्या हाती आहे.